होकाकाकांचं तांब्याचं कडं

भूशास्त्र विभागात कुणी नवं आलं की त्याने आधी होकाकाकांचा ओरडा खायचा आणि मग दगडाला हात लावायचा, असा शिरस्ताच पडून गेला होता. किल्ल्या काढा. फोन तिकडे झाडाखाली ठेवा. पट्ट्याला बक्कल आहे? मग पट्टाही काढा. एकदा खुद्द विभागाच्या मोठ्या सरांना त्यांनी पट्टा काढायला लावला, आणि सर एका हाताने पँट सावरत अख्खी सकाळ टेकडीवर उभे राहिले. ही गोष्ट विभागात अजून सांगतात; सर आसपास नाहीत याची खात्री करून सांगतात.

होकाकाकांना खरं नावही होतं, पण ते फक्त दवाखान्यात हाक मारण्यापुरतं. बाकी सगळीकडे होकायंत्रवाले काका. त्याचं बोलून बोलून होकाकाका झालं आणि त्यांनीही ते गोड मानून घेतलं.

काम ऐकायला सोपं. डोंगरात, खाणीत, रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत जायचं, दगडाला पोकळ ड्रिल लावायचं आणि अंगठ्याहून थोडी जाड अशी दगडाची कांडी कापायची. पण ती कांडी मोडून बाहेर काढण्याआधी, ती डोंगराला चिकटलेली असतानाच, तिचं तोंड नेमकं कुठल्या दिशेला आहे हे मोजायचं. त्यासाठी भोकात एक पितळी नळी सरकवतात, नळीवर चकती असते, चकतीवर होकायंत्र. सुई स्थिर झाली की आकडा सांगायचा, नळीच्या चिरेतून कांडीवर तारेने रेघ ओढायची, आणि मगच कांडी मोडायची.

एवढा खटाटोप कशासाठी, हे होकाकाका कुणालाही उत्साहाने सांगत. तांबड्या दगडात लोखंडाचे बारीक कण असतात. तो दगड होण्याआधी गाळ होता तेव्हा ते कण त्या काळच्या उत्तरेकडे तोंड करून बसले, आणि गाळाचा दगड झाल्यावर तसेच राहिले. नंतर सगळी जमीन सरकली, वळली, कुठली कुठे गेली, तरी कणांनी तोंड फिरवलं नाही. आज ते कुठे बघतात हे कळलं, की जमीन किती फिरली ते काढता येतं. "फक्त कांडीवरची रेघ खरी पाहिजे," ते म्हणत. "रेघ चुकली तर कण खरं बोलतील आणि आपण खोटं ऐकू."

आता अशा माणसाच्या मनगटात कडं कुठून आलं?

ड्रिलच्या थरथरीने उजवं मनगट कामातून गेलं होतं. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, ती त्यांनी ऐकून घेतली. त्यांची बायको घरीच शिवणकाम करायची. तिच्याकडे ब्लाउज शिवून घ्यायला येणाऱ्या एका बाईने तांब्याच्या कड्याचा गुण छातीठोकपणे सांगितला, आणि बायकोने ते कडं आणून त्यांच्या हातात चढवलं. होकाकाका आधी नाही म्हणाले. मग त्यांनी विचार केला, लोखंड नाही, पोलाद नाही, तांबंच आहे. तांब्याला सुई ओळख देत नाही. गेली कित्येक वर्षं चकतीचे स्क्रूसुद्धा ते पितळेचेच वापरत आले होते, ते याच हिशेबाने. कडं हातात राहिलं.

"बरं वाटतंय का हो?" बायकोने आठवड्याने विचारलं.

"बरंच उतरलंय दुखणं," होकाकाका म्हणाले.

हे तेवढं लक्षात ठेवावं.

त्या कड्यासकट ते तांबड्या दगडाच्या खाणीत गेले. सोबत विभागातली संशोधक बाई होती. तिशी ओलांडलेली, किडकिडीत, बोलायला लागली की हातवाऱ्यांनी समोरच्याचा चहा सांडणारी. होकाकाका तिला मॅडम म्हणत आणि आपल्या डब्यातलं तिला खायला लावत. ती त्यांना काका म्हणे. जमिनीतली एक मोठी जुनी भेग आहे, तिच्या पलीकडचा तुकडा फार पूर्वी बाकीच्या भूमीपासून सुटून स्वतंत्रपणे वळला असावा, असा तिचा तर्क होता. पण पलीकडे सगळीकडे शेतं आणि घरं, उघडा दगड कुठेच नाही. शोधून शोधून तिच्या चपला झिजल्या तेव्हा ही एक खाण सापडली, आणि तिच्यातही मोजता येईल अशी एकच भिंत. त्या दिवसांत आभाळ सतत भरलेलं होतं. सूर्याच्या सावलीवरूनही दिशा मोजता येते, पण सावलीच नव्हती. तेव्हा सगळी भिस्त सुईवर.

निकाल आला आणि विभागात खळबळ उडाली. भेगेच्या पलीकडची जमीन खरोखर वळलेली होती. अंगठा आणि तर्जनी सहज उघडावी तेवढी. मोठे सर आधी नाक मुरडत होते. एकट्या खाणीवर एवढी मोठी गोष्ट? पण आकडे पाहून तेही नमले. भिंतीतल्या सगळ्या कांड्या एकमेकींशी इतक्या जुळत होत्या की शंकेला जागा नव्हती. चूक असती तर आकडे विखुरले असते, सर म्हणाले, आणि होकाकाकांच्या पाठीवर त्यांनी थाप मारली. याच निकालावर संशोधक बाईला एका मोठ्या संस्थेचं बोलावणं आलं. तिचा लेखही तयार झाला; एके दिवशी संध्याकाळी तो छापायला रवाना व्हायचा होता.

आणि त्याच दिवशी सकाळी बायकोच्या हातून टाचण्यांची डबी सांडली.

होकाकाका चहा पीत होते. कप ठेवून ते वाकले आणि मशीनखाली हात घातला. बोटांनी टाचणी उचलण्याआधीच दोन टाचण्या टुणकन उडून कड्याला चिकटल्या. त्यांना वाटलं, तेल लागलं असेल. झटकल्या. त्या पडल्या नाहीत. त्यांनी कडं टाचण्यांच्या ढिगाजवळ नेलं, आणि ढिगातून एक झुपकाच्या झुपका उठून कड्याच्या दोन्ही टोकांना लटकला.

कडं तांब्याचंच होतं. पण गुण वाढावा म्हणून बनवणाऱ्याने दोन्ही टोकांच्या आत छोटी चुंबकं बसवली होती.

 "काय झालं हो?" बायको विचारत होती. काही नाही म्हणत त्यांनी टाचण्या ओरबाडून काढल्या, कडं खिशात घातलं आणि जिन्यावर येऊन बसले. ड्रिल चालवताना हातात मोजा असायचा आणि कडं वर कोपराकडे सरकवलेलं असायचं. पण दिशा मोजायच्या वेळी ते मोजा काढत, कडं खाली घसरे, आणि चकती हलू नये म्हणून उजव्या हाताची बोटं ते चकतीच्या काठावर टेकवत. दर वेळी. त्याच जागी. त्याच भिंतीकडे तोंड करून. दुसरा एखादा वेंधळा असता तर हात कधी इकडे, कधी तिकडे टेकला असता, सुई दर वेळी वेगळी ढळली असती, आकडे विखुरले असते, आणि घोळ तेव्हाच उघडा पडला असता. होकाकाकांचा हात मात्र तसूभर हलत नसे. त्यांच्या शिस्तीनेच खोट्याला खऱ्याचा तोंडवळा दिला होता.

रोज सकाळी ते होकायंत्र तपासतही असत. जमिनीवर ठेवून, हात मागे बांधून.

तेवढ्यात त्यांना आदल्या दिवशीचा फोन आठवला आणि ते ताडकन उठले. खाणीच्या मुकादमाने सांगितलं होतं की तुमच्या भोकांची भिंत उद्या दुपारी सुरुंगाने पाडतोय, आणखी काही हवंय का? नको, आमचं काम झालं, असं होकाकाका ऐटीत म्हणाले होते. कांड्या काढल्या तरी भोकं भिंतीत तशीच राहतात. भोकात पुन्हा नळी घालून दिशा पुन्हा मोजता येते. भिंत पडली की मात्र संपलं. मग खरं काय होतं ते कुणालाही, कधीही सांगता आलं नसतं.

म्हणजे गप्प बसायचं म्हटलं तरी फक्त दुपारपर्यंत बसायचं होतं. हा विचार त्यांच्या मनात आला, आणि तो बराच वेळ हलेना. जिन्यावरून खाली जाणाऱ्या शेजाऱ्याने तब्येत बरी नाही का म्हणून विचारलं, तेव्हा कुठे ते भानावर आले.

संशोधक बाई प्रयोगशाळेत लेखावरून शेवटची नजर फिरवत होती. होकाकाकांनी टेबलावर कडं ठेवलं आणि शेजारी एक होकायंत्र. सुई गर्रकन फिरली. बाईने कड्याकडे पाहिलं, मग त्यांच्या मनगटाकडे. तिला सांगावं लागलं नाही, पण त्यांनी सगळं सांगितलं. खाणीचं, फोनचं, दुपारचं.

 तिचे हात पहिल्यांदाच स्वस्थ होते.

"आणखी कुणाला माहीत आहे?" तिने हळूच विचारलं.

"नाही."

"आणि दुपारी भिंत जाणार."

"हो."

तिने खिडकीबाहेर पाहिलं. होकाकाकांनीही पाहिलं. स्वच्छ ऊन पडलं होतं, सावल्या काळ्याभोर उमटल्या होत्या. सावलीवरून मोजता येत नाही ही सबब आज नव्हती. त्या क्षणी आभाळ भरलेलं असतं तर बरं, असं दोघांनाही वाटलं असणार. होकाकाकांना तरी वाटलं, आणि त्याची त्यांना लाजही वाटली.

"मला अशा वेळी राग यायला हवा ना काका?" ती म्हणाली. "तो नंतर येईल. गाडीची किल्ली कुठे आहे?"

 गाडी ती चालवत होती आणि जीव मुठीत धरून बसावं अशी चालवत होती. रेल्वे फाटकाशी मालगाडीने अडवलं. डबे संपता संपेनात. होकाकाका मनगट दाबत बसले होते. मध्येच तिने मोठ्या सरांना फोन लावला आणि लेख आज जाणार नाही एवढंच कळवलं. पलीकडून सर काय म्हणाले ते होकाकाकांना ऐकू आलं नाही, पण तिने फोन कानापासून लांब धरला होता.

खाणीत पोचले तर भिंतीपुढची यंत्रं हलवलेली, लाल झेंड्या लागलेल्या. मुकादम हात हलवत धावतच आला. भिंतीत सुरुंगाची भोकं पाडून तयार होती, दारूची गाडी वाटेवर होती, आणि एकदा दारू भरायला सुरुवात झाली की तो सख्ख्या भावालाही तिथे उभं करणार नव्हता. होकाकाकांनी त्याचे हात धरले.

"गाडी येईपर्यंत," मुकादम म्हणाला. "गाडी खाणीच्या फाटकात शिरली की तुम्ही बाहेर. वाद नाही."

कांड्यांची भोकं धुळीने बुजली होती. होकाकाका काडीने आणि फुंकरीने ती साफ करू लागले. उजव्या हाताने काम होईना, कळ थेट खांद्यापर्यंत जात होती. पहिलं भोक मोकळं झालं तेव्हा ते बाजूला सरले. मॅडम, तुम्हीच मोजा, ते म्हणाले. आपला हात चकतीला लावायची त्यांची हिंमत होत नव्हती. बाईने नकारार्थी मान हलवली. सुईच्या आकड्यावर आता कुणी विश्वास ठेवणार नाही, सावलीला चुंबक कळत नाही. मी घड्याळ बघून वेळ टिपते, तुम्ही सावली वाचा, तुमच्याइतकी बारीक मला वाचता येत नाही. घड्याळातली वेळ आणि सळईची सावली, एवढ्यावर खरी उत्तर काढता येते.

होकाकाकांनी नळी सरकवली. चकतीवर बारीक सळई उभी केली. सावली पडली, ठळक. त्यांनी आकडा सांगितला. दुसरं भोक, तिसरं भोक. एक-दोन भोकांवर कुणी विश्वास ठेवणार नव्हतं, निदान निम्मी भिंत तरी हवी होती. आणि सूर्य सरकत होता. भिंतीच्या कडेने सावली खाली उतरायला लागली होती आणि वरची भोकं एकेक करून तिच्यात बुडत होती. त्यात कुठूनसा एक ढग आला.

ढग जायची वाट बघत दोघं भिंतीशी उभे राहिले. खालच्या रस्त्यावर धूळ उठली. दारूची गाडी वळण घेऊन चढाला लागली होती. होकाकाकांनी आयुष्यात कधी आभाळाला शिव्या दिल्या नव्हत्या, त्या दिवशी मनातल्या मनात बऱ्याच दिल्या. ढगाची कड उजळली, ऊन परत आलं आणि ते भोकाभोकाकडे धावले. गाडी फाटकात शिरली. मुकादमाने इकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि मग गाडीवाल्याचे कागद मागून घेतले. एरवी न बघता सही ठोकणारा तो माणूस आज एकेक अक्षर लावत बसला. चष्मा विसरलो, असंही म्हणाला. चष्मा त्याच्या कपाळावर होता.

"झालं," होकाकाका म्हणाले. पुरेशी भोकं मोजून झाली होती.

"एक राहिलं," बाई म्हणाली. "कडं घाला."

त्यांना आधी कळलं नाही. मग कळलं. त्यांनी खिशातून कडं काढलं, उजव्या मनगटात चढवलं, आणि शेवटच्या भोकावर होकायंत्र बसवलं. पहिल्यांदा हात मागे ठेवून. सुई उत्तरेला लागली, मघाच्या सावलीशी अगदी जुळली. मग त्यांनी बोटं चकतीच्या काठावर टेकवली, नेहमीसारखी, नेहमीच्या जागी. हाताला सांगावं लागलं नाही. सुई थरथरली, वळली आणि एका जागी थांबली.

अंगठा आणि तर्जनी सहज उघडावी तेवढी.

दोघंही सुईकडे बघत राहिले. जमीन कधी वळलीच नव्हती. इतके महिने ज्या वळणावर विभागात चर्चा झाल्या, नकाशे रंगले, बोलावणी आली, ते सगळं वळण ह्या एका मनगटात होतं. होकाकाकांचे डोळे भरून आले. ते पुसायला हात वर केला तर सुई पुन्हा सरळ झाली.

"निघा आता," मुकादम ओरडला.

लांबच्या टेकाडावरून त्यांनी भोंगा ऐकला. मग भिंत आधी जरा फुगल्यासारखी दिसली, खाली बसली, आणि आवाज नंतर आला. तांबडी धूळ बराच वेळ हवेत राहिली. बाईला राग आला तो तेव्हा. ती होकाकाकांवर चिडली नाही. गाडीच्या टायरला तिने लाथ मारली, पुन्हा मारली, आणि पाय धरून खाली बसली. होकाकाका तिच्या शेजारी बसले. समजूत काढायचा आपल्याला हक्क नाही, असं त्यांना वाटत होतं.

"तुम्ही आला नसता तर मला कधीच कळलं नसतं," ती शेवटी म्हणाली.

"म्हणूनच माफी मागतो. कळलं नसतं तर तुमचं सगळं नीट झालं असतं."

"मी तक्रार नाही करत आहे काका."

परतीच्या वाटेवर तिने सरांना सगळं सांगितलं. कड्याचं सांगताना तिने 'आमच्याकडून मोजण्यात चूक झाली' असं म्हटलं. 'काकांकडून' म्हटलं नाही. मोठ्या संस्थेलाही तीच कळवणार होती. बोलावणं राहील की जाईल, हे तिला माहीत नव्हतं, आणि तिने तसं सरळ सांगितलं.

संध्याकाळी होकाकाका घरी आले तेव्हा बायको मशीनवर होती. त्यांनी कडं तिच्यासमोर ठेवलं. तिने मशीन थांबवली.

"काढलंत? आता दुखत नाही का?"

आयुष्यभर आकडा जसा दिसेल तसा सांगणारा हा माणूस. सकाळपासूनच्या सगळ्या धावपळीत जे जमलं, ते आता जमेना. ते स्टुलावर बसले.

"दुखतंय," ते म्हणाले. "एक दिवसही थांबलं नव्हतं."

"मग उतरलंय म्हणून का सांगायचात?"

"तू एवढ्या हौसेने आणलं होतंस."

मग त्यांनी खाणीचं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. त्या पोरीचं आता काय होणार, असं तिने विचारलं. माहीत नाही, ते म्हणाले. भेगेच्या पलीकडे दुसरी भिंत शोधायची म्हणतेय, आणि मलाच यायला सांगितलंय. मी म्हटलं दुसरा माणूस ने. तर म्हणते, मला तोच हात हवा, फक्त रिकामा.

बायकोने कडं उचललं. सकाळच्या काही टाचण्या अजून मशीनखाली पडल्या होत्या. ती खाली वाकली, कडं जमिनीवरून फिरवलं, आणि टाचण्यांचा झुपका डबीत झटकून टाकला.

"खरं सांगितलं असतंत," ती वर न बघता म्हणाली, "तर मी ते पहिल्याच आठवड्यात परत केलं असतं."

 तिने त्यांचं उजवं मनगट मांडीवर घेतलं आणि कुठे दुखतं ते बोटाने दाबून दाबून विचारायला लागली. या वेळी ते दर दाबाला खरं खरं सांगत गेले.